वाघदेवाचा शेंदूर

लोणावळा, १८ ऑगस्ट १९६९

आज खुर्शेदबाईंनी आम्हा सगळ्या शिक्षकांना समोर बसवून सांगितलं की यापुढे आपल्या शाळेत विषय नाहीत. गणित नाही, भूगोल नाही, शास्त्र नाही. मी मनात म्हटलं, म्हणजे मीही नाही. मी शास्त्राचा मास्तर.

बाई आमच्या मुख्याध्यापिका. दोन वर्षं युरोपातल्या शाळा पाहून आल्या आहेत. त्यांचं म्हणणं असं की अकरा ते चौदा वर्षांचं मूल तासातासाला कप्प्यांत शिकत नाही. डोकं, हात, मन, शेजारपाजार, सगळं मिळून ते एक असतं. म्हणून अख्खं सत्र एकच गोष्ट घ्यायची आणि सगळ्यांनी मिळून तीच शिकवायची. सुरुवात मुलाच्या उंबरठ्यापासून करायची आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत यायचं. पहिली गोष्ट ठरली दगड. गेल्या महिन्यात माणसांनी चंद्रावरून दगड आणले, तेव्हापासून पोरं वेडी झाली आहेत.

दगडाचा प्रमुख मी. बाकी शिक्षक मुंबईचे नाहीतर पुण्याच्या पेठांतले. मावळातला मी एकटाच, तेव्हा दगडाशी माझी जुनी सोयरीक असणार असं बाईंना वाटलं असावं. सोयरीक आहेच म्हणा. लहानपणी सुदुंबऱ्याला दुसऱ्यांच्या शेतातले वेचून वेचून हात सोलले आहेत.

अशी शाळा आणि अशी नोकरी आमच्या आळीत आजवर कुणाला मिळाली नाही. ती टिकली पाहिजे.

२६ ऑगस्ट

वर्गातली सगळी पोरं वसतिगृहातली, गाडीतून येणाऱ्या घरांतली. एक गंगी तेवढी पायी येते. भुशीच्या पलीकडे डोंगराच्या पोटाला ठाकरवाडी आहे, तिथली. वय बारा. जगाचं कुटुंब म्हणायचं आणि कुंपणापलीकडचं पोर ओळखायचं नाही, हे बाईंना पटेना. स्वतः चिखल तुडवत वाडीवर गेल्या आणि तिच्या बापाकडे, शिदूकडे, मुलगी मागितली. शिदू म्हणाला, "पोरगी शिकून तुमचा काय फायदा?" बाई म्हणाल्या, "आमच्या पोरांचा फायदा." हा किस्सा त्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात.

इंग्रजीत बोलणं चाललं की गंगी गप्प बसते. माझ्या तासाला मी मराठीवर येतो, मग तिला कंठ फुटतो. आज मला विचारलं, "सर, चंद्रावरचा दगड हितं आनल्यावं तितं खड्डा पडला आसंल की. त्यो कोन भरनार?" वर्ग हसला. मीही हसलो, आणि पुढे शिकवू लागलो.

९ सप्टेंबर

पावसानं उघडीप दिली. हातोड्या घेऊन ओढ्यात गेलो. आपल्या काळ्या दगडात मधून मधून मातकट गोळे सापडतात. कुणी लाथ मारून पुढे जाईल असे. गंगीनं एक उचलला, खडकावर धरला आणि एकच घाव घातला. आत पांढरेशुभ्र स्फटिक, दातांच्या रांगेसारखे. आदी नावाचा मुंबईचा मुलगा, नेहमी कंटाळलेला असतो, तो तिथेच पाण्यात बसला.

मी सांगितलं, बाहेरून दिसतं त्यावर विश्वास ठेवू नका. फोडा, खरवडा, स्वतः बघा. कुणी मोठा माणूस सांगतो म्हणून तर मुळीच मानू नका. पोरांचे डोळे असे चमकले की मला वाटलं, बाईंचा खुळा अभ्यासक्रम कदाचित खरा आहे.

२ ऑक्टोबर

गांधीजींच्या शताब्दीची सुट्टी. मुलांना घेऊन भाज्याची लेणी चढलो. तिथे मी वेगळाच माणूस होतो हे मला कळत होतं. चैत्यात उभा राहिलो तेव्हा आवाज आपोआप खाली आला. मुलांना सांगितलं, ही आमची जागा. दोन हजार वर्षांपूर्वी इथे देशोदेशींची माणसं येत होती, कुणाची जात न विचारता. हे शेवटचं मी माझ्या पदरचं घातलं.

येताना पायथ्याशी एक शेंदूर फासलेला दगड होता, पुढे झेंडूची दोन फुलं. आदीनं विचारलं, "सर, याच्या आत काय असतं?"

"दगडच," मी म्हणालो. "खरवडून बघ. बेसॉल्ट निघेल, आपला नेहमीचा काळा दगड."

सगळे खो खो हसले. गंगी हसली नाही. मी पाहिलं, आणि मला वाटलं, बरं झालं, जरा हलवलं म्हणजे माणूस विचार करतो.

खरं लिहायचं तर शेंदूर दिसला की माझी जीभ जरा जास्तच चालते. लहानपणी गावच्या मारुतीला आम्ही लांबून हात जोडायचो. जवळ जायची मुभा नव्हती. आत काय आहे ते कधी दिसलं नाही, तांबडा ठिपका तेवढा दिसायचा. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. आईनं घरातले देव टोपलीत घातले आणि नदीत सोडून आली. तेव्हापासून मी शेंदराला भीक घालत नाही. माझा तो हक्क आहे.

२० ऑक्टोबर

पाच नोव्हेंबरला दिल्लीहून आणि परदेशातून पाहुणे येणार. आमचा अभ्यासक्रम इतर शाळांना दाखवण्यासारखा आहे का, ते ठरवणार. बाई रोज दोनदा माझ्या वर्गात डोकावतात.

प्रदर्शनासाठी प्रत्येकानं आपल्या दारातला दगड आणायचा आणि त्याचं जगाशी नातं सांगायचं. आदीनं आजोबांच्या बंगल्यातला इटलीचा संगमरवर आणला. गंगीनं वरवंटा आणला, आजीचा. मी म्हणालो, "अगं, हा तर घरोघरी असतो. पाहुणे कुठून कुठून येणार! तुझ्या वाडीतलं असं काही आण, की दुसऱ्या कुणापाशी नसेल."

तिनं वरवंटा परत पिशवीत घातला. जरा जास्त बोललो का? पण सगळ्यांना सारखीच कसोटी लावली पाहिजे. गरीब म्हणून सूट दिली तर तो अपमानच.

३ नोव्हेंबर

गंगी, आदी आणि आणखी एक मुलगा, तिघं पोत्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आले. उघडलं तर शेंदराचं कवच! हाताच्या तळव्याएवढं जाड, नारळाच्या करवंटीसारखं आतून खोलगट. कडेनं पाहिलं तर थरावर थर, कुठे तांबडा, कुठे काळपट, मध्ये तेलाच्या रेघा. किती पिढ्यांचं असेल कोण जाणे.

आदी म्हणाला, "सर, तुम्ही सांगितलं तसंच केलं. आत बेसॉल्टच निघाला!"

"शाबास," मी म्हणालो. "कुठून आणलंत?"

"वाडीच्या शिवंवरनं," गंगी म्हणाली. "कुनापाशी न्हाई आसं."

मी लगेच त्याची चिठ्ठी इंग्रजीत लिहायला घेतली. गंगीची बोटं लालभडक झाली होती. मी साबण दिला. बराच वेळ नळाखाली घासत होती, तरी नखांतून निघालं नाही.

५ नोव्हेंबर

जिंकलो! पाहुणे सगळ्यात जास्त वेळ माझ्या वर्गात होते. एका परदेशी बाईनं शेंदराच्या कवचाचे चारी बाजूंनी फोटो काढले. भूगर्भशास्त्र, इतिहास, धर्म, कला, सगळं एका वस्तूत, असं म्हणाल्या आणि माझा हात हातात घेतला. खुर्शेदबाई मागून बघत होत्या. त्यांचा असा चेहरा मी आजवर पाहिला नव्हता.

गंगीला पुढे केलं, पण ती एक शब्द बोलली नाही. लाजली. मग मीच सगळं सांगितलं. संध्याकाळी मुंबईच्या गाड्या आल्या आणि बरीच पोरं दिवाळीच्या सुट्टीला गेली. आदीही गेला.

आईला सांगितलं पाहिजे. सुदुंबऱ्याचा सखाराम, आणि दिल्लीचे लोक त्याचं नाव लिहून नेतात.

६ नोव्हेंबर

आज वाघबारस. हे मला आज सकाळी कळलं.

या दिवशी ठाकर मंडळी गुरं घेऊन शिवेवरच्या वाघदेवाला जातात. निवद दाखवतात, वर्षभर गुरांना सांभाळ म्हणतात. आज गेले तर देव उघडा.

शिदू आणि त्याची आई बायडाबाई शाळेत आले. बरोबर गंगी. बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. भांडण होईल म्हणून मी तयारीनं गेलो होतो. भांडण झालं नाही.

"आमचा वाघोबा उगडा बसलाय, बाई," बायडाबाई म्हणाली. "कवच द्येव आपलं आपन टाकतो. पिकलं की गळतं. मंग आमी वाजत न्येतो आन् पान्यात सोडतो. हे कुनीतरी वरबाडलंय."

कवच टेबलावरच होतं, माझ्या इंग्रजी चिठ्ठीसकट. म्हातारीला दिसलं. तिनं चिठ्ठी बाजूला ठेवली, कवच दोन्ही हातांनी उचललं आणि पदरात घेतलं.

बाईंनी विचारलं, "कोणी काढलं?"

"म्या," गंगी म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं होतं?"

गंगीनं माझ्याकडे पाहिलं. तक्रार नव्हती तिच्या चेहऱ्यावर. वर्गात प्रश्न विचारून उत्तराची वाट बघते तशीच बघत होती.

बाई माझ्याकडे वळल्या. "सखाराम, मुलांना असं काही करायला तुम्ही सांगितलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "मी असं काही सांगितलं नव्हतं."

मग गंगी म्हणाली, "म्याच काडलं. माज्याच मनानं."

शिदूनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ पाहिलं. मग बाईंना हात जोडले. "चुकी झाली, बाई. पोरगी आता शाळंत यायची न्हाई." बाईंनी परोपरीनं समजावलं. तो नुसती मान हलवत राहिला आणि तिघं निघून गेले.

देवभोळी माणसं. दगडासाठी पोरीची शाळा तोडली.

आता शांतपणे विचार करतो. मी जे म्हणालो ते भाज्याच्या दगडाबद्दल. वाघदेवाचं नावही मी घेतलं नव्हतं, मला ठाऊकच नव्हतं. वाक्य तपासलं तर मी खोटं बोललो नाही. मग कान अजून का जळताहेत?

७ नोव्हेंबर

वाक्य पुन्हा तपासलं. खोटंच आहे.

सुदुंबरे, ९ नोव्हेंबर

आईला सांगितलं. आधी पाहुण्यांचं, मग कवचाचं. वाटलं होतं ती माझ्या बाजूनं बोलेल. देव नदीत सोडणारी बाई ती! आईचं, येसूबाईचं नाव घेतलं की गावचे पुजारी अजून तोंड वाकडं करतात.

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आपलं द्येव आपन सोडलं, सखा. म्या माज्या हातानं टोपलीत घातलं आन् माज्या पायानं नदीवं गेले. रडले बी. कुनी येऊन वरबाडलं आसतं, तर म्या त्याचं हात मोडलं आसतं."

"आई, पण तो दगडच ना?"

"व्हय, दगडच. त्या ठाकरांनी तुला कदी आडवलं व्हतं का रं?"

"नाही."

"मंग ज्यांनी आडवलं त्यांच्या मारुतीला हात लावायचा. आजून हाय तितंच, चावडीम्होरं. तितं तुला धाडस न्हाई. गरिबाचा द्येव घावला, आन् त्योबी पोरीच्या हातनं."

मला वर बघवेना. आयुष्यात पहिल्यांदा मला आईसमोर बसायची लाज वाटली. ज्या रागाला मी हक्क म्हणत होतो, तो मी कुणावर काढला? ज्यांची पोर रोज डोंगर उतरून माझ्याकडे येत होती त्यांच्यावर.

मग तिनं विचारलं, "आन् मोठ्या बाईम्होरं काय म्हनलास?"

सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "जेवून घे."

लोणावळा, १३ नोव्हेंबर

आज वाडीवर गेलो. आधीच लिहून ठेवतो की बाईंकडे न जाता वाडीवर का गेलो. बाई मला काढू शकतात. शिदू काढू शकत नाही. असा माझा पश्चात्ताप.

शिवेवर वाघदेव दिसला. नवा शेंदूर, तेल अजून ओलं. खळ्यावर शिदू भात झोडत होता. बायडाबाईनं मला बसायला घोंगडी टाकली. गंगी पलीकडे पेंढा रचत होती, ती जवळ आली नाही.

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. भाज्याच्या वाटेवर मी काय बोललो, वरवंटा कसा परत पाठवला, कवच आणलं तेव्हा शाबास म्हणालो, आणि ऑफिसात नाही म्हणालो. "तिची चूक नाही," मी म्हणालो. "माझी आहे."

"ठावं हाय," शिदू म्हणाला.

मला कळेना. "काय ठावं आहे?"

"सगळं. तिनं आमाला देवापाशीच सांगितलं, तुमच्या शाळंत येन्याआदी."

"मग ऑफिसात बोलला का नाहीत?"

बायडाबाई म्हणाली, "तुमी बोलाल म्हनून थांबलो की, मास्तर. तुमी न्हाई म्हनला. मंग आमी काय, तुमच्या पोटावं पाय द्यायचा? तुमी बी आमच्यावानीच गरिबाघरचं."

हे ऐकून कुठे बघावं ते मला कळेना. मी म्हणालो, "पण देवाचा एवढा कोप मानता..."

"कसला कोप?" म्हातारी जवळजवळ हसली. "द्येवाचं निस्तरलं. कवच पान्यात सोडलं, गाऱ्हानं घातलं, नवा शेंदूर चढवला. पोरांनी केलं, त्याला ठावं हाय. त्यो डूख धरीत न्हाई."

"मग गंगीची शाळा का बंद केलीत?"

शिदूनं हातातली पेंढी खाली ठेवली. "तुमी तिच्या डोळ्यांम्होरं खोटं बोलला. ती सांजच्याला मला म्हनली, आबा, सर खोटं बोलले, म्या आयकलं. आता जितं शिकवनाराच खोटं बोलतो, तितं पोर कशापायी धाडू? त्ये तर तिला घरी बसून बी शिकता यील."

लहानपणापासून मला लोक खूप काही बोलले आहेत. त्यातलं काहीच माझ्या करणीचं नव्हतं, म्हणून मी ताठ राहिलो. हे माझ्या करणीचं होतं. मी घोंगडीवर बसलो.

"आता तर मी खरं बोललो ना?" मी विचारलं. विचारताना माझा आवाज शाळेतल्या पोरासारखा झाला.

"हितं बोलला. हितं तुमाला भ्या कुनाचं?"

निघताना म्हणालो, चोवीस तारखेला शाळा उघडते तेव्हा पहिल्या तासाला वर्गात सांगेन, सगळ्यांसमोर. या, वाटलं तर. शिदू हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. गंगीला हाक मारायचं धैर्य झालं नाही.

२४ नोव्हेंबर

सकाळी आधी बाईंकडे गेलो आणि सांगितलं. त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या की पाहुण्यांचं पत्र आलं आहे, दगडाच्या प्रकल्पाची फार स्तुती आहे. मुलीला त्या स्वतः जाऊन परत आणतील. पण वर्गात सांगायचं कारण नाही, मुलांचा शिक्षकांवरचा विश्वास उडेल. "तुम्हाला मी काढणार नाही, सखाराम. झालं ते झालं."

वाईट याचं वाटतं की मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. नोकरी वाचली. बाईंचा शब्द मोडू नये, हेही कारण तयार मिळालं. तिथून वर्गापर्यंत चालत जाताना मी दोन्ही बाजूंनी विचार करत होतो, आणि वर्गाच्या व्हरांड्यात शिदू उभा दिसला नसता, तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही.

तो खांबाला टेकून उभा होता, टोपी हातात. मागे गंगी, दप्तर छातीशी धरून.

मी वर्गात गेलो आणि सांगितलं. वाटलं होतं बराच वेळ लागेल. चार वाक्यांत संपलं. शेंदूर खरवडायला मी सांगितलं होतं. तो एका वाडीचा देव होता. मला बाईंनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. गंगीनं दोष स्वतःवर घेतला आणि मी तो घेऊ दिला.

आदीनं मान खाली घातली होती. बाई कधी मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलं नाही.

गंगी उंबऱ्यापर्यंत आली. "सर," ती म्हणाली, "त्या दिशी तुमी न्हाई का म्हनला?"

माझ्याकडे उत्तर होतं. मारुतीचं, लांबून जोडलेल्या हातांचं, छप्पन सालचं. ते सगळं खरं आहे, पण त्या उत्तरानं माझी फार सोय झाली असती.

"नोकरी जाईल म्हणून," मी म्हणालो.

तिनं थोडा विचार केला. "आन् माजी शाळा?"

"तुझ्या शाळेचा विचार माझ्या मनातच आला नाही."

माझं तोंड पेटलं होतं, आणि बावीस मुलं, दोन मोठी माणसं ते बघत होती. शिदू व्हरांड्यातून म्हणाला, "बसायचं तर बस, गंगे. तुजं तू ठरीव."

आदीनं आपली पुस्तकं उचलून पुढच्या बाकावरची तिची जागा मोकळी केली. तिकडे ती गेली नाही. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसली. मी खडू घेतला, शिकवायला लागलो. तास संपेपर्यंत दप्तर तिनं मांडीवरच धरून ठेवलं होतं.